माशाचे दृष्टिपटल पुन्हा कसे उगवते : पेशींतल्या छोट्या रेणूंची कामगिरी

झेब्रामाशाला प्रखर प्रकाशात ठेवून त्याच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मारून टाकल्या, तरी साधारण चार आठवड्यांत त्या जागी नव्या पेशी उभ्या राहतात. त्यांच्या जोडण्याही होतात आणि मासा पुन्हा पाहू लागतो. माणसाच्या डोळ्यात मात्र मेलेली प्रकाशपेशी परत येत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा असो, उतारवयात होणारी मॅक्युलाची झीज असो, काचबिंदू असो की मधुमेहाने बिघडलेला पडदा, डॉक्टर उरलेली दृष्टी राखण्यासाठी झटतात. मेलेल्या पेशींबरोबर गेलेली दृष्टी नव्या पेशी उगवून परत आणण्याचा उपाय त्यांच्या हाती अजून आलेला नाही.

माशाला हे कसे जमते, या प्रश्नाचे उत्तर गेली काही दशके मुख्यतः जनुकांत शोधले गेले आणि तिथे मोठे यशही मिळाले. पण जनुके तर उंदराकडे आणि माणसाकडेही बरीचशी तीच आहेत. मग ती आपल्या डोळ्यात गप्प का बसतात? या प्रश्नामुळे संशोधकांचे लक्ष आता पेशीतल्या लहान रेणूंकडे वळले आहे. साखर, लॅक्टेट, ग्लुटामेट, गाबा, मेदाम्ले असे हे चयापचयातून तयार होणारे पदार्थ इंग्रजीतून आलेल्या ‘मेटाबोलाइट’ या नावानेही ओळखले जातात. जनुकांची आज्ञा पाळली जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी या पदार्थांवर ठरते, असे मला हे संशोधन वाचताना वाटत आले आहे. हा लेख त्याविषयी आहे.

मासा कोणता?

झेब्रामासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर 1822 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. लांबी जेमतेम 3-4 सेंटिमीटर, अंगावर निळे पट्टे. मत्स्यालयाच्या दुकानात ‘झेब्रा डॅनिओ’ म्हणून मिळतो तोच हा. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले. अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात, गर्भ पारदर्शक असतो आणि पाच दिवसांचे पिलू समोरच्या हालचालीला डोळ्यांनी प्रतिसाद देते. 2013 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात निदान एक तरी जोडीदार जनुक असल्याचे दिसले.

भारतात या माशावर चांगले काम चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तो पाळला जातो. दृष्टिपटलाच्या पुनर्निर्मितीवरचे महत्त्वाचे काम मोहालीच्या आयसरमध्ये झाले आहे. त्याविषयी पुढे येईलच.

पडद्यातली म्यूलर पेशी

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा. माणसात त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, पण एवढ्याशा जाडीत पेशींचे तीन थर असतात. सर्वांत बाहेर दंडपेशी आणि शंकुपेशी प्रकाश टिपतात, मधल्या थरातल्या पेशी त्या संदेशावर प्रक्रिया करतात आणि आतल्या थरातल्या गँग्लिऑन पेशी तो मेंदूकडे धाडतात. या तिन्ही थरांना आरपार छेदून उभी असते ती म्यूलर पेशी. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइन्रिश म्यूलर यांनी 1851 मध्ये तिचे वर्णन केले. ती स्वतः पाहण्याचे काम करत नाही. आसपासच्या चेतापेशींना पोषण पुरवणे, त्यांनी सोडलेली रसायने उचलून घेणे, क्षारांचा तोल सांभाळणे ही तिची कामे.

माशांचे दृष्टिपटल इजेनंतर पुन्हा तयार होते हे सोनमाशावरच्या प्रयोगांतून 1960 आणि 70 च्या दशकांतच कळले होते. नव्या पेशी नेमक्या कुठून येतात, हे मात्र 2006-07 च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या म्यूलर पेशीतून येतात. इजा झाली की म्यूलर पेशी आपले नेहमीचे काम बाजूला ठेवते, भ्रूणातल्या पेशीसारखी होते आणि एकदा विभागते. तिच्यातून निघालेली पूर्वजपेशी मग भराभर विभागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा वेग शिगेला पोहोचतो, आणि नव्या पेशी सरकत सरकत रिकाम्या जागी जाऊन दंडपेशी, शंकुपेशी किंवा जी पेशी मेली असेल ती होतात. एक विभाजन उरकले की मूळ म्यूलर पेशी पुन्हा आपल्या जागी, आपल्या कामावर.

2010 मध्ये मिशिगन विद्यापीठात राजेश रामचंद्रन, डॅनियल गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी या बदलामागची एक साखळी उलगडली. इजेनंतर ‘एएससीएल-1ए’ हे जनुक जागे होते, ते ‘लिन-28’ला जागे करते, आणि लिन-28 हे ‘लेट-7’ नावाच्या छोट्या आरएनएला दाबून टाकते. लेट-7 हा पेशीला तिच्या प्रौढ ओळखीत बांधून ठेवणारा रेणू. त्याची पकड सुटली की पेशी बदलायला मोकळी होते.

उंदराच्या आणि माणसाच्या डोळ्यात म्यूलर पेशी असतेच. इजा झाल्याचे तिला कळतेही. पण ती फुगते, व्रणासारखी ऊती तयार करते आणि तिथेच थांबते. 2020 मध्ये मासा, कोंबडीचे पिलू आणि उंदीर यांच्या म्यूलर पेशींची एकेक पेशी तपासून तुलना झाली. तीत दिसले की उंदरात काही जनुके या पेशीला मुद्दाम मागे, शांत अवस्थेकडे ओढतात. म्हणजे सस्तन प्राण्यांची म्यूलर पेशी सुरुवात करते आणि तिला परत फिरवले जाते.

पडद्याची अफाट भूक

चयापचयाच्या दृष्टीने पाहिले तर दृष्टिपटल ही एक विलक्षण ऊती आहे. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांच्या लक्षात आले की भरपूर प्राणवायू असतानाही दृष्टिपटल ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करत नाही. त्याचा फार मोठा भाग ते लॅक्टेटमध्ये बदलते. कर्करोगाच्या गाठींत त्यांनी हेच पाहिले होते. निरोगी, न विभागणारी ऊती असे का वागते, हा प्रश्न पुढे अनेक दशके संशोधकांना पडला.

प्रकाशपेशींचा खर्चही उलटा असतो. अंधारात त्यांच्यातून सतत विद्युतभारित कणांचा प्रवाह वाहतो आणि आत शिरलेले सोडियम बाहेर फेकण्यासाठी ऊर्जा लागते. उजेड पडला की हा प्रवाह कमी होतो. म्हणजे दंडपेशींचा सर्वांत मोठा खर्च आपण गडद अंधारात असताना होतो. शिवाय सस्तन प्राण्यांत त्यांच्या टोकाचा सुमारे दहावा भाग रोज झडतो आणि नव्याने बांधला जातो. त्यासाठी मेदाम्ले लागतात, विशेषतः डीएचए. अर्धवट ‘जाळलेले’ ग्लुकोज बांधकामाचा माल पुरवते, हे वारबुर्ग यांच्या कोड्याचे एक पटणारे उत्तर आहे.

2017 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेम्स हर्ली यांच्या गटाने या देवघेवीचे चित्र मांडले. रक्तातून आलेले ग्लुकोज पडद्याच्या मागच्या रंजक थरातून जाते. हा थर ते स्वतः फारसे वापरत नाही, प्रकाशपेशींकडे सोडतो. प्रकाशपेशी त्यातून लॅक्टेट करतात आणि ते लॅक्टेट रंजक थर व म्यूलर पेशी इंधन म्हणून घेतात. लॅक्टेट मिळत असल्यामुळेच रंजक थर ग्लुकोज शिल्लक ठेवू शकतो.

आता या व्यवस्थेतल्या प्रकाशपेशी अचानक मेल्या तर काय होईल? सर्वांत मोठा ग्लुकोजखाऊ गेला आणि सर्वांत मोठा लॅक्टेट पुरवणाराही गेला. म्यूलर पेशीभोवतीचे रासायनिक वातावरण काही तासांत बदलणारच. इजेची खबर तिला फक्त खास संदेशवाहक प्रथिनांतूनच मिळते असे धरून चालण्याचे कारण नाही. तिच्या ताटात काय वाढले जाते, हीसुद्धा खबरच असते.

गाबा कमी झाला की जाग येते

या विषयातला मला सर्वांत भावलेला प्रयोग 2017 मधला आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेम्स पॅटन यांच्या प्रयोगशाळेत तो झाला.

गाबा हा रेणू ग्लुटामेटपासून एकाच एन्झाइमच्या पायरीने बनतो. मेंदूत आणि दृष्टिपटलात तो चेतापेशींना शांत ठेवण्याचे काम करतो. उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्याचे आणखी एक काम आधी दिसले होते. तिथल्या चेतामूलपेशींना तो झोपलेल्या अवस्थेत ठेवतो. पॅटन यांच्या गटाने विचार केला की माशाच्या म्यूलर पेशीवरही असाच पहारा असेल का?

तर्क असा. प्रकाशपेशी ग्लुटामेट सोडतात. त्या ग्लुटामेटमुळे मधल्या थरातल्या आडव्या पेशी गाबा सोडतात. म्यूलर पेशीवर गाबा ओळखणारे ग्राही असतात. प्रकाशपेशी मेल्या की ग्लुटामेट घटेल, त्यामागोमाग गाबाही घटेल, आणि म्यूलर पेशीला त्यातून कळेल की काहीतरी बिघडले आहे. उन्हाळ्याच्या रात्री वीज जाऊन पंखा थांबला की गाढ झोपलेला माणूसही जागा होतो, तसे.

तर्क तपासण्याच्या दोन बाजू होत्या, आणि दोन्ही तपासल्या गेल्या. पहिल्यात धडधाकट डोळ्यात, कुठलीही इजा न करता, गाबाचे ग्राही अडवणारे औषध टोचले. म्यूलर पेशी विभागू लागल्या. दुसऱ्यात इजा झालेल्या डोळ्यात गाबासारखे काम करणारे औषध दिले, तेव्हा पुनर्निर्मिती मंदावली. इजा नसताना फक्त एका रेणूचा आवाज बंद करून पेशीला जागे करता आले, ही गोष्ट साधी नाही. यातून कळते की पेशी सतत एका ‘थांब’ या निरोपाखाली जगत असते आणि तो निरोप रोजच्या चयापचयातूनच तयार होतो.

याला जोडून आणखी एक निरीक्षण सांगायला हवे. निरोगी म्यूलर पेशी ग्लुटामेट उचलून त्याचे ग्लुटामिन करते. त्यासाठी लागणारे ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम तिची ओळखच मानले जाते. पुनर्निर्मितीच्या वाटेवर निघालेल्या म्यूलर पेशीत हेच एन्झाइम घटते. म्हणजे ओळख बदलताना ती ग्लुटामेटचा हिशोबही बदलते.

मरणाऱ्या पेशी काय सोडून जातात

पेशी फुटली की तिच्यातली रसायने बाहेर सांडतात. एटीपी आणि एडीपी हे ऊर्जेचे रेणू त्यांत असतात. एरवी ते पेशीच्या आत राहतात, त्यामुळे बाहेर दिसले की धोका आहे असा अर्थ निघतो. झेब्रामाशाच्या दृष्टिपटलाला औबेन या विषाने इजा करून 2009 मध्ये केलेल्या प्रयोगांत असे दिसले की बाहेर आलेला एडीपी नव्या पेशींच्या विभाजनाला चालना देतो.

मरणाऱ्या प्रकाशपेशींतून ‘टीएनएफ-अल्फा’ हे प्रथिनही सुटते आणि तेही म्यूलर पेशीला जागे करते. ते मेटाबोलाइट नाही, म्हणून इथे त्याचा फक्त उल्लेख.

जनुकांवरच्या खुणा कशाच्या बनतात

डीएनए हा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. कुठला भाग सैल, कुठला घट्ट, यावर कुठले जनुक वाचले जाईल हे ठरते. सैल-घट्ट करण्यासाठी हिस्टोनवर आणि डीएनएवर छोटे रासायनिक गट बसवले जातात. हे गट येतात कुठून? चयापचयातून. हिस्टोनवर बसणारा ॲसिटिल गट ॲसिटिल-कोए या रेणूपासून येतो आणि ॲसिटिल-कोए साखर व मेद यांच्या विघटनातून. डीएनएवर बसणारा मिथिल गट मेथिओनिन या अमिनो आम्लापासून बनलेल्या एसएएम रेणूतून येतो. मिथिल गट काढणाऱ्या काही एन्झाइमांना अल्फा-कीटोग्लुटारेट लागते. ॲसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमांच्या एका कुळाला एनएडी लागते. 2019 मध्ये तर लॅक्टेटपासून बनलेली खूणसुद्धा हिस्टोनवर बसते असे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले.

वारबुर्ग यांचे लॅक्टेट, प्रकाशपेशींचा मृत्यू आणि हिस्टोनवरची ही खूण अशी सरळ रेघ ओढण्याचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा. तीन वेगळ्या ठिकाणचे पुरावे एकमेकांना जोडले म्हणजे सिद्धता होत नाही.

माशाच्या दृष्टिपटलात खुणांविषयी प्रत्यक्ष सापडलेल्या गोष्टी मात्र पुरेशा रोचक आहेत. 2013 मध्ये गोल्डमन यांच्या गटाने म्यूलर पेशीतल्या डीएनएवरचे मिथिल गट तपासले. पेशीला तरुण करणाऱ्या अनेक जनुकांवर इजेच्या आधीपासूनच मिथिल गट कमी होते. म्हणजे दार आधीच उघडे होते. आणि तीच जनुके उंदराच्या म्यूलर पेशीतही तशीच कमी मिथिलची होती! तेव्हा उंदराची अडचण फक्त डीएनएवरच्या मिथिल गटांत नाही.

मग ॲसिटिल गटांकडे पाहू. 2017 मध्ये टॉम रे यांच्या गटाने प्रौढ उंदराच्या म्यूलर पेशीत एएससीएल-1 हे, माशातल्या एएससीएल-1ए चे जोडीदार जनुक चालू केले आणि सोबत ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे औषध दिले. दोन्ही मिळून उंदराच्या डोळ्यात म्यूलर पेशींतून नव्या चेतापेशी तयार झाल्या, त्या इतर पेशींशी जोडल्या गेल्या आणि त्यांनी प्रकाशाला प्रतिसादही दिला. पुढच्याच वर्षी मोहालीच्या आयसरमधून, मिशिगनमध्ये लिन-28ची साखळी उलगडणाऱ्या रामचंद्रन यांच्याच प्रयोगशाळेतून, झेब्रामाशावरचा शोधनिबंध आला. त्यात याच प्रकारची एन्झाइमे रोखल्यावर पुनर्निर्मिती उलट अडली. विभागणाऱ्या पेशींतून त्यांपैकी एक एन्झाइम हटते आणि शेजारच्या पेशींत वाढते, असेही दिसले. औषध थांबवले की अडलेली प्रक्रिया पुन्हा सुरू झाली.

एकाच रासायनिक क्रियेला हात लावल्यावर उंदरात मदत आणि माशात अडथळा. विरोधाभास वाटतो, पण माशात ही क्रिया जागेनुसार आधीच नेमकी आखलेली आहे. सगळीकडे सारखेच औषध ओतले की ती आखणी पुसली जाते. उंदरात अशी आखणी नसावी, म्हणून सरसकट ढकलण्याचाही उपयोग होत असावा.

कधी, हेही तितकेच महत्त्वाचे. 2017 मध्ये जेफ मम यांच्या गटाने माशाच्या दंडपेशी नष्ट करून डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड दिले. इजेच्या आधी दिले तेव्हा पुनर्निर्मिती रेंगाळली. पेशी मेल्यानंतर दिले तेव्हा तीच पुनर्निर्मिती वेगाने झाली.

साखर, चरबी आणि शरीराची आठवण

विभागणाऱ्या पेशीला नवे आवरण, नवा डीएनए, नवी प्रथिने हवी असतात. त्यामुळे शरीराच्या पोषणाची खबर देणारे संदेशही म्यूलर पेशीला पोहोचतात यात नवल नाही. इन्शुलिन आणि त्याच्या जातीचे वाढघटक इजा नसलेल्या माशाच्या डोळ्यातही, इतर वाढघटकांच्या जोडीने, म्यूलर पेशींना विभागायला लावू शकतात. सस्तन प्राण्यांत चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि पोट भरल्याचे मेंदूला कळवणारे लेप्टिनसुद्धा, दाहाशी संबंधित एका प्रथिनकुळाच्या साथीने, हेच करते. हे 2014 मध्ये दिसले. पेशीत पोषण पुरेसे आहे का हे तपासणारी ‘एमटॉर’ ही यंत्रणा रोखली तर माशाची पुनर्निर्मिती खुंटते. कोंबडीच्या पिलांत मेदाम्ले बनवणारे एन्झाइम अडवल्यावर म्यूलर पेशींपासून तयार होणाऱ्या पूर्वजपेशी घटल्या.

मधुमेहाचा भाग आपल्याला विशेष जवळचा. माशाला महिनाभर ग्लुकोजच्या पाण्यात ये-जा करायला लावून त्याचे दृष्टिपटल पातळ झालेले पाहिले गेले आहे. त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग शेपटीवरचा आहे. माशाच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिनपेशी औषधाने मारून त्याला मधुमेही केले. त्याची शेपटी कापली तर ती नीट वाढत नव्हती. काही आठवड्यांत माशाचे स्वादुपिंड आपोआप पुन्हा तयार झाले आणि रक्तातली साखर पूर्ववत झाली. तरीही शेपटीची वाढ मंदच राहिली, नव्या ऊतीतसुद्धा. डीएनएवरच्या मिथिल खुणा विस्कटल्या होत्या आणि त्या साखरेबरोबर पूर्वपदावर आल्या नाहीत. साखर आटोक्यात आल्यावरही काही रुग्णांत गुंतागुंत वाढतच राहते, हे मधुमेहतज्ज्ञांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. माशात त्याचे कारण पेशीच्या पातळीवर पाहता येते.

मोजायचे कसे?

जनुके कुठली चालू आहेत हे आज एकेका पेशीत वाचता येते. मेटाबोलाइटचे तसे नाही. हे रेणू सेकंदा-मिनिटांत बदलतात. डोळा काढून पडदा सोडवेपर्यंतच त्यांचे प्रमाण हलते. म्हणून ऊती झटकन गोठवावी लागते आणि मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखले जातात. जड कार्बन असलेले ग्लुकोज देऊन तो कार्बन पुढे कुठकुठल्या रेणूत गेला, हेही शोधता येते. पण म्यूलर पेशी पडद्यातल्या एकूण पेशींचा लहानसा भाग. सगळा पडदा एकत्र वाटून तपासला तर तिचा आवाज प्रकाशपेशींच्या गोंगाटात बुडतो.

इथे माशाचे पारदर्शक पिलू उपयोगी पडते. एखाद्या रेणूचे प्रमाण बदलले की ज्याची चमक बदलते असे प्रथिन फक्त म्यूलर पेशीत बसवले, तर जिवंत पिलाच्या डोळ्यात सूक्ष्मदर्शकाखाली तो बदल घडताना पाहता येतो.

रुग्णाच्या डोळ्यापर्यंत

वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेत ठरावीक जीवनसत्त्वे आणि जस्त यांचे मिश्रण मधल्या टप्प्यावर आजार पुढे सरकण्याचा धोका काही प्रमाणात कमी करते, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 2001 मध्ये दिसले. ते मिश्रण मेलेली पेशी परत आणत नाही. माशावरच्या प्रयोगांचा हवाला देऊन ‘पडदा नव्याने तयार करणारे’ पूरक आहार कुणी विकत असेल, तर या संशोधनात त्याला आधार नाही. गाबा अडवणारे औषध माशाच्या डोळ्यात टोचले गेले होते. तेच माणसाच्या मेंदूपर्यंत गेले तर झटके येऊ शकतात.

उंदरात एएससीएल-1 ने ज्या चेतापेशी तयार झाल्या त्या बहुतांशी मधल्या थरातल्या होत्या. अंधत्वात गमावलेल्या दंडपेशी आणि शंकुपेशी त्या नव्हत्या. माशाची म्यूलर पेशी मात्र जी पेशी मेली आहे नेमकी तीच अधिक करून तयार करते. कुठली पेशी हरवली हे तिला कसे कळते? हरवलेल्या पेशीने घेणे बंद केलेले ग्लुकोज, देणे बंद केलेले लॅक्टेट, सोडणे बंद केलेले ग्लुटामेट, यांपैकी कशाच्या अभावातून तिला ते कळते, हा प्रश्न आता थेट प्रयोगाने विचारता येण्याजोगा झाला आहे. एकाच माशाच्या एका डोळ्यात दंडपेशी मारायच्या, दुसऱ्यात गँग्लिऑन पेशी, आणि पहिल्या दीड दिवसात, पहिल्या विभाजनाच्या आधी, दोन्ही डोळ्यांतल्या म्यूलर पेशींमधली रसायने तासातासाने मोजायची.